आवाजाची कपात कुठे करावी?

संगीत मोठ्याने वाजविणे हे यंत्राला सोपे, आणि तेच संगीत, त्यातला एकही बारकावा हातचा न जाऊ देता, मंद आवाजात वाजविणे हे त्याला कठीण, ही गोष्ट सामान्य श्रोत्याच्या सहसा ध्यानी येत नाही. कारण आवाज कमी करणे म्हणजे एक बटन डावीकडे फिरविणे, याहून अधिक काही त्यात असेल अशी शंका घेण्याचे त्याला कारणच पडत नाही. 1948 साली नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथली घरे त्याचे कार्यक्रम ऐकू लागली, त्या काळी ही समजूत बरोबरही होती. व्हॉल्व्हच्या रेडिओला आवाजाचे बटन एकच असावयाचे आणि जी काही कपात व्हावयाची ती तिथेच व्हावयाची. आज मात्र गाणे संगणकात अंकांच्या रूपाने साठविलेले असते, आणि ते आपल्या कानी पडेपर्यंत, गाणे वाजविणारा प्रोग्रॅम, संगणकाची स्वतःची व्यवस्था, अंकांचे विद्युत्-तरंगात रूपांतर करणारा व जाणकार ज्याला नुसते 'डॅक' म्हणतात तो लहानसा डबा, आणि शेवटी ॲम्प्लिफायर, अशा चार ठिकाणी त्याच्या आवाजाला कात्री लागू शकते. ही कात्री नेमकी कुठे लावावी, म्हणजे आवाज कमी होईल पण गाणे उणे होणार नाही, या प्रश्नावर वर्ध्याच्या रामनगरातील एका घरी मामा-भाचीत जो वाद झाला, तो आम्हांस उद्‌बोधक वाटला, म्हणून त्याचा सारांश येथे देत आहोत.

मामांची सारी हयात जिल्हा कोषागारात जमाखर्च तपासण्यात गेलेली. निवृत्तीनंतर जुन्या तबकड्यांची अंकित रूपे मिळवून ऐकणे हा त्यांचा एकमेव शौक. भाची इलेक्ट्रॉनिक्स शिकून पुण्यास नोकरीला लागलेली आणि सुटीत घरी आलेली. वादास निमित्त एवढेच की, मामांच्या गैरहजेरीत तिने ॲम्प्लिफायरचे बटन वर नेऊन संगणकावरून आवाज कमी केला होता, आणि मामांच्या दप्तरी हा गुन्हा होता.

मामा — माझी कैफियत साधी आहे. 1982 साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली तेव्हा ठरले ते असे की, सेकंदाला 44,100 वेळा ध्वनीचे माप घ्यावयाचे आणि प्रत्येक माप 16 बिटांच्या एका अंकात लिहावयाचे. म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजामध्ये एकूण 65,536 पायऱ्या. आता संगणकावरून आवाज कमी करणे म्हणजे काय? यातल्या प्रत्येक अंकाला एखाद्या अपूर्णांकाने गुणणे. गुणाकाराचे उत्तर पूर्णांकात येत नाही, आणि वहीत तर पैशांचा रकानाच नाही, रुपयांचाच आहे; तेव्हा पैसे सोडून देण्यावाचून गत्यंतर नाही. दर सहा डेसिबल उतरलो की लाटेची उंची निम्मी होते आणि एक बिट हातचा जातो. रात्री आपण ऐकतो ते सहज चाळीस डेसिबल खाली. म्हणजे मूळ उंचीच्या शंभराव्या हिश्शावर. पासष्ट हजारांचा ऐवज साडेसहाशेवर आला! कोषागारात असा हिशेब कोणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी त्यावर सही केली नसती. म्हणून माझा शिरस्ता असा की, संगणक पूर्ण शंभरावर ठेवायचा आणि आवाज कमी करायचा तो ॲम्प्लिफायरच्या बटनाने.

भाची — मामा, तुमचे गणित बिनचूक आहे, पण वही चुकीची धरली आहे. सोळा बिटांची वही गाण्याची. हिशेब मांडला जातो तो त्या वहीत नव्हे. विंडोजचा व्हिस्टा आला तेव्हापासून संगणक सर्व प्रोग्रॅमांचे आवाज 32 बिटांच्या तरत्या अपूर्णांकांत एकत्र करतो, आणि आपल्या डॅकला ते 24 बिटांत पोचवता येतात. 24 बिटांच्या पायऱ्या किती? 1,67,77,216. त्यांचा शंभरावा हिस्सा काढला तरी 1,67,772 उरतात, म्हणजे तुमच्या मूळ 65,536च्या अडीचपटीहून जास्त. सोळा बिटांच्या गाण्याखाली आठ घरे रिकामीच असतात. गाणे खाली सरकवले की ते त्या रिकाम्या घरांत उतरते, बाहेर काहीच पडत नाही. आठ घरे म्हणजे अठ्ठेचाळीस डेसिबल. तेवढी कपात अंकांत केली तरी तुमच्या रुपयातला पैसाही हलत नाही. अट एकच: संगणकाच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये डॅकसाठी 16 ऐवजी 24 बिट निवडलेले असले पाहिजेत. तुमच्याकडे काल 16 होते. ते मी बदलले, आणि मगच आवाज कमी केला.

मामा — कागदोपत्री चोवीस घरे असतात, हे मला मान्य. पण सरकारी अंदाजपत्रकात दाखविलेली रक्कम आणि प्रत्यक्ष तिजोरीतली शिल्लक यांतला फरक मी आयुष्यभर पाहिला आहे. या चोवीस घरांपैकी शेवटची तीन-चार घरे उत्तमोत्तम डॅकमध्येसुद्धा गोंगाटात बुडालेली असतात. कुठल्याही रोधात, केवळ तो तापलेला आहे एवढ्याच कारणाने, विजेची सूक्ष्म खळबळ चालू असते. बेल प्रयोगशाळेच्या जॉन्सनने 1928 साली ती मोजून प्रसिद्ध केली, हे तूच मला मागे सांगितलेस. आणि आपल्या वर्ध्याचा उन्हाळा तर तुला ठाऊकच आहे.

भाची — उन्हाळ्याला मात्र यात उगाच ओढू नका! ही खळबळ निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असते. खोली जानेवारीच्या पहाटेच्या 12 अंशांवरून मे महिन्याच्या 45 अंशांवर गेली, तरी त्या गोंगाटात भर पडते ती सुमारे अर्ध्या डेसिबलाची. वर्ध्याच्या उन्हाने माणूस हैराण होतो, रोध होत नाही.

मामा — ते असो. पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. डॅकचा गोंगाट स्थिर आहे. तू अंकांत आवाज उतरवलास की गाणे खाली येते, गोंगाट मात्र जागच्या जागी राहतो, आणि दोहोंतले अंतर तेवढे कमी होते. उलट, माझे बटन डॅकच्या नंतर येते. ते फिरवले की गाणेही उतरते आणि डॅकचा गोंगाटही त्याच प्रमाणात उतरतो. अंतर कायम राहते. बिटांचा तुझा हिशेब कितीही सरळ असला, तरी या युक्तिवादाला तुझ्याजवळ उत्तर नाही.

भाची — या युक्तिवादाला उत्तर नाहीच, कारण तो खरा आहे. पण त्याचे मोल किती, हे वादाने ठरणार नाही, कानाने ठरेल.

हा शेवटचा शब्द बोलून भाची उठली, आणि पुढील पाच मिनिटे बोलणे थांबून परीक्षा सुरू झाली. दिवस पौषाचे असल्यामुळे कूलर केव्हाच गच्चीवर झाकून ठेवलेला होता आणि पंखाही बंद होता; रामनगरात रात्री दहानंतर असते तितकी शांतता खोलीत होती. गाणे बंद करून, सारी यंत्रे मात्र चालू ठेवून, तिने ॲम्प्लिफायरचे बटन शून्यावर आणले आणि मामांना उजव्या स्पीकरच्या वरच्या लहान गोलाला, म्हणजे ट्वीटरला, अगदी चार बोटांवर कान न्यावयास सांगितले. एक अत्यंत बारीक, सलग 'सूं' असा नाद होता. बटन निम्म्यावर आणले, नाद तसाच. तीन-चतुर्थांशावर आणले, मामांनी किंचित मान हलविली. पूर्ण उघडले तेव्हा मात्र तो स्पष्टपणे वाढला. यातून निष्पन्न झाले ते असे: शून्यावर असतानाही ऐकू येणारा नाद हा बटनाच्या पुढच्या, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या अखेरच्या, भागाचा; आणि बटन पूर्ण उघडल्यावर जो वाढला तो बटनाच्या अलीकडच्या, म्हणजे डॅक वगैरेचा. रोजच्या ऐकण्याला बटन जिथे असते तिथे दुसऱ्याची भर पहिल्यात लपून जाते. आणि खुर्चीत येऊन बसल्यावर दोहोंपैकी एकही ऐकू येत नाही. मामांनी खुर्चीत बसून बराच वेळ कान देऊन पाहिले, आणि या बाबतीत आपली हरकत नसल्याचे सांगितले.

भाची — आणि ही शांतताही वर्षातून चार महिन्यांची. मार्च उजाडला की कूलर खिडकीला लागतो, आणि त्याच्या घरघरीपुढे गाण्याच्या खालच्या तीन-चार बिटांतले काय ऐकू येणार? शिवाय तुमच्या संग्रहातल्या अर्ध्या तबकड्या अब्दुल करीम खाँ आणि बालगंधर्व यांच्या काळच्या, लाखेच्या. त्या तबकडीची स्वतःची खरखर आणि तिच्यावरचा मोठ्यात मोठा सूर यांत फार तर चाळीसेक डेसिबलांचे अंतर. म्हणजे सात बिटांचा ऐवज. त्याला सोळाची वही दिली काय आणि चोवीसची दिली काय, शेवटची घरे खरखरीनेच भरायची.

मामा — तबकड्यांचे ठीक. पण नंतरच्या ध्वनिमुद्रणांचे काय? मींड संपल्यावर तंबोऱ्याचा षड्ज जो विरत जातो, तो विरता विरता शेवटच्या एका पायरीच्याही खाली जातो. तिथे पैसे सोडून दिले की तो षड्ज एकदम तुटणारच. आणि नुसता तुटला तर एक वेळ चालेल. पण सोडलेल्या पैशांचा तो दोष सुराच्याच मागे मागे चालतो, सूर जसा वरखाली होईल तसा तोही होतो, आणि म्हणून तो गोंगाटासारखा न वाटता खरबरीत वाटतो.

भाची — कोषागारात दर पावतीवरचे पैसे नेहमीच सोडले, तर फरक एकाच बाजूस साचत जातो, हे तुम्हीच सांगता. पण समजा प्रत्येक वेळी चिठ्ठी टाकून ठरवले, आणि चाळीस पैसे असतील तेव्हा शंभरातून चाळीस वेळा रुपया वर धरला, तर? एकेक पावती चुकेल, पण वर्षअखेरीची बेरीज बरोबर येईल. अंकांत हेच करतात. पूर्णांक करण्यापूर्वी एका पायरीएवढा यादृच्छिक गोंगाट मुद्दाम मिसळतात. त्याला डिदर म्हणतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या व्हँडरकूय आणि लिपशिट्झ यांनी 1984 साली दाखवून दिले की, तो योग्य रीतीने मिसळला तर एका पायरीहून लहान सूरसुद्धा गोंगाटाखालून अखंड ऐकू येतो. तुमचा षड्ज तुटत नाही. अत्यंत हलक्या 'सूं'मध्ये विरून जातो, जसा तो प्रत्यक्ष मैफलीतही विरतो.

मामा — मग काल रात्री संगणकावरून आवाज उतरवलेला असताना तुकडोजी महाराजांची भजने ऐकली, तेव्हा खंजिरीची झांज कुठे गेली? ढोलकीचा घुमाराही नव्हता. सारे कसे निस्तेज.

भाची — बटनाने तेवढेच उतरवून ऐकून पाहा. तितकेच निस्तेज वाटेल. हा दोष यंत्राचा नाही, आपल्या कानाचा आहे. 1933 साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवले की, आवाज जसजसा मंद होतो तसतसा आपला कान खर्जाच्या बाबतीत बहिरा होत जातो, आणि फार तार स्वरांच्या बाबतीतही थोडा. मधले स्वर तेवढे शिल्लक राहतात. जुन्या ॲम्प्लिफायरना यासाठीच 'लाउडनेस' नावाचे बटन असायचे. आवाज कमी असताना ते खर्ज उचलून धरी. लोक हळू ऐकतात, गाणे फिके वाटते, आणि खापर बिटांवर फुटते.

मामा — म्हणजे माझ्या बटनात दोष काहीच नाही, हे तरी कबूल कर.

भाची — तेच सांगणार होते. तुमच्या बटनाच्या पोटात कार्बनच्या दोन पट्ट्या आहेत, एक डाव्या बाजूची, एक उजव्या बाजूची, आणि दोन्हींवरून एकाच दांड्याने दोन काटे फिरतात. धूळ बसली की खरखर सुरू होते, ती तुम्हांला माहीतच आहे. पण खरी खोड निराळी. या दोन पट्ट्या वरच्या बाजूला बऱ्यापैकी सारख्या असतात. अगदी तळाशी मात्र त्या एकमेकींशी जुळत नाहीत. आता आपला डॅक पूर्ण आवाजाला दोन व्होल्ट देतो, आणि या ॲम्प्लिफायरला आपली सारी ताकद लावायला अर्धा व्होल्ट पुरतो. त्यामुळे संगणक शंभरावर ठेवला की तुमचे बटन रात्री, घड्याळाच्या काट्याच्या भाषेत, आठाच्या जागेपुढे कधी जातच नाही. म्हणजे जिथे ते सर्वांत वाईट आहे, नेमके तिथेच तुम्ही ते वापरता. रात्री तंबोरा उजवीकडे सरकल्यासारखा वाटतो की नाही?

मामा — वाटतो. मी समजत होतो, डाव्या कानाचे वय झाले.

भाची — कानाचे नाही, पट्टीचे. संगणकावरून वीस डेसिबल कायमचे उतरवून ठेवा. बटन आपोआप दहा-अकराच्या जागी येईल आणि तंबोरा मधोमध बसेल. वीस डेसिबल म्हणजे साडेतीन बिटसुद्धा नाहीत, आणि आपल्याजवळ आठ शिल्लक आहेत. आणखी एक लाभ आहे. आजकालची गाणी अगदी शेवटच्या पायरीला टेकवून मुद्रित केलेली असतात. दोन मापांच्या मधली लाट जेव्हा डॅक पुन्हा रेखाटतो, तेव्हा तिचा माथा त्या पायरीच्या वर जातो आणि कापला जातो. अंकांत आधीच दोन-तीन डेसिबल उतरवले की माथ्याला जागा मिळते. म्हणजे अंकांतली थोडी कपात काही वेळा गाणे बिघडवत नाही, सुधारते.

मामा — एक शेवटची हरकत, आणि ती बिटांची नाही. संगणक हा लहरी नोकर आहे. एखाद्या रात्री तो स्वतःला अद्ययावत करून घेतो आणि सकाळी आवाज शंभरावर नेऊन ठेवतो. मधेच कुठलीतरी सूचना टणकन वाजते. ॲम्प्लिफायर पूर्ण उघडा असेल तर त्या एका ठोक्याने स्पीकरची चकती फाटेल. माझे बटन मी हाताने फिरवल्याशिवाय फिरत नाही.

भाची — हे मात्र निर्विवाद. बटन अशा जागी असावे की संगणक चुकून शंभरावर गेला तरी स्पीकरला आणि शेजाऱ्यांना इजा होऊ नये. पण बालगंधर्वांच्या पदानंतर 'सैराट'चे गाणे लागले तर पातळीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ते समान करण्याचे काम 2001 सालच्या रीप्लेगेनसारख्या पद्धती गाणे तपासून आपोआप अंकांत करतात. बटन ते करू शकत नाही. संगणकाने समान करावे, बटनाने मर्यादा घालावी.

येथवर वाद आला तेव्हा दोन्ही पक्षांत वाटत होते तेवढे अंतर उरले नव्हते, असे आमच्या ध्यानात आले. दोघांच्याही म्हणण्याच्या तळाशी एकच नियम आहे: आवाज कमी करण्याची कुठलीही कळ आपल्या अलीकडे निर्माण झालेला गोंगाट उतरवते, पलीकडच्या गोंगाटाला ती हात लावू शकत नाही. म्हणून अंकांत करावयाची कपात रिकाम्या घरांच्या मर्यादेत ठेवावी, आणि बटन त्याच्या प्रशस्त भागात येऊ द्यावे. खरी हानी होते ती या दोहोंपैकी एकाने नव्हे, तर एके ठिकाणी उतरवून दुसरे ठिकाणी चढविण्याने. प्रोग्रॅमचा आवाज निम्मा, संगणकाचा निम्मा, डॅकला पोचणारे बिट सोळाच, आणि हे सारे भरून काढण्यासाठी ॲम्प्लिफायर पूर्ण उघडा, अशी मांडणी आम्ही अनेक घरांत पाहिली आहे. तिथे पैसेही सुटतात आणि गोंगाटही वाढतो, आणि घरधनी नवा ॲम्प्लिफायर घेण्याच्या विचारात असतो. त्याने आधी, यंत्रे चालू आणि गाणे बंद, अशा स्थितीत ट्वीटरला कान लावून बटन सावकाश फिरवून पाहावे. खर्च करावयाचा झाल्यास कुठे करावा, ते त्याला विनामूल्य कळेल. निवासी वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलांची मर्यादा सन 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिली आहे. तेव्हा हळू ऐकणे ही केवळ रसिकतेची नव्हे, कायद्याचीही बाब आहे, आणि हळू ऐकताना चांगले ऐकू यावे ही अपेक्षा वाजवीच आहे.

एक मुद्दा मात्र अनिर्णीत राहिला. वीस डेसिबलांची कायम कपात मामांनी मान्य केली, पण त्यानंतरची रोजची वधघट बटनानेच व्हावी हा आग्रह त्यांनी सोडला नाही. आणि भाचीने, आता ज्यांना बटनच नाही असे स्पीकर निघू लागले आहेत, त्यांत ॲम्प्लिफायर, डॅक आणि कपात सारे एकाच खोक्यात व अंकांतच होते, तेव्हा उद्या काय कराल, असा प्रश्न टाकला. त्यावर मामांनी उत्तर दिले ते असे: "विकणाऱ्याला प्रथम विचारीन, तुमची वही किती बिटांची. चोवीस म्हणाला, तर दुसरे विचारीन, गाणे बंद असताना ट्वीटरला कान लावून पाहू देता का? नाही म्हणाला, तर जुनाच ठेवीन." भाचीला याहून चांगली खरेदीची अट सुचली नाही, आणि आम्हांसही सुचत नाही.